तरंगती फरशी

प्रस्तावना

घराचे वर्णन करताना आपण भिंतींचा रंग सांगतो, खिडक्यांची संख्या सांगतो, छताची उंची सांगतो. जमिनीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. आणि तरीही घरातील ज्या भागाशी आपला देह दिवसभर निगडित असतो, तो भाग जमीनच होय. आपल्याकडे पादत्राणे दाराबाहेर काढण्याची रीत आहे. त्यामुळे जमिनीचा गारठा, ओल आणि खडबडीतपणा थेट तळपायांना कळतो. पाट मांडून जेवणे, भाजी निवडणे, पाहुण्यासाठी सतरंजी अंथरणे ही सारी कामे जमिनीवरच होतात. मूल रांगते तेही जमिनीवर, आणि म्हातारे माणूस पाय घसरून पडते तेही जमिनीवरच.

प्रस्तुत पाठात एका नव्या प्रकारच्या फरशीची माहिती दिली आहे. ही फरशी सिमेंटने बसवत नाहीत. तिचे तुकडे एकमेकांत अडकवतात आणि संपूर्ण फरशी जुन्या जमिनीवर नुसती टेकलेली राहते. पाठाची पार्श्वभूमी बंगळुरू शहराची आहे. नोकरीनिमित्त देशाच्या सर्व भागांतून आलेली, भाड्याच्या घरात राहणारी कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने आहेत. आणि भाड्याचे घर व ही फरशी यांचा संबंध जवळचा आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला तरंगत्या फरशीमागील तत्त्व स्वतःच्या शब्दांत सांगता येईल. खोलीचे मोजमाप घेऊन लागणाऱ्या फरशीचा हिशेब मांडता येईल. कृतीचे वर्णन करणाऱ्या लेखनात क्रम आणि कारण यांची सांगड कशी घातली जाते हे ओळखता येईल. आणि अशी फरशी आपल्या घरासाठी योग्य आहे की नाही, याचा निर्णय सकारण घेता येईल.

मूळ पाठ

पायाखालचा इतिहास

महाराष्ट्रातील जुन्या घरांत मातीची जमीन असे. मुरूम पसरून, त्यावर पाणी मारून ती धुमसाने चोपत आणि मग शेणाने सारवत. दर आठ-पंधरा दिवसांनी सारवणामुळे ही जमीन नवी होई. तिला भेग पडली तर गवंड्याला बोलवावे लागत नसे. घरातील स्त्रीच ती बुजवी. जमिनीची दुरुस्ती घरच्यांच्या हाती होती, ही गोष्ट येथे लक्षात ठेवा.

पुढे दगडी फरशी आली. मराठी घरांत सर्वांत परिचित असलेली शहाबादी फरशी मूळची कर्नाटकातील. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद या गावावरून तिला हे नाव पडले. भीमेच्या खोऱ्यातील हा चुनखडीचा दगड थरांचा बनलेला असतो. थरांच्या रेषेवर छिन्नी लावली की त्याच्या सपाट लाद्या सुटतात. भीमाशंकरला उगम पावणारी भीमा पंढरपूरवरून वाहत कर्नाटकात शिरते. तिच्या खोऱ्यातील दगड मात्र उलट दिशेने प्रवास करीत सोलापूर-पुण्याच्या वाड्यांत आणि चाळींत पोहोचला.

बंगळुरूची कथा थोडी निराळी आहे. हे शहर खडकावरच वसले आहे. लालबागेत जो उघडा खडक दिसतो त्याचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे मानले जाते. दगड इतका मुबलक असूनही, १८९८च्या प्लेगनंतर वाढीस लागलेल्या बसवनगुडी, मल्लेश्वरम यांसारख्या वस्त्यांतील घरांत पुढे एक वेगळीच जमीन लोकप्रिय झाली. ती म्हणजे लाल कोबा. सिमेंटमध्ये लोहाचा तांबडा ऑक्साइड मिसळून तो थापीने घोटून गुळगुळीत करीत. वर्षानुवर्षे माणसांच्या वावराने त्याला अशी झळाळी येते, की नवी फरशी त्याच्यापुढे फिकी वाटावी. मुंबईत याच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, १९२२ साली, स्वदेशीच्या भावनेतून भारत फ्लोअरिंग टाइल्स हा कारखाना निघाला आणि परदेशांतून येणाऱ्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्यांना देशी पर्याय मिळाला.

आजच्या सदनिकांत बहुधा व्हिट्रिफाइड लाद्या आढळतात. त्यांतील बहुसंख्य गुजरातेतील मोरबी येथे तयार होतात. त्या कठीण असतात, डाग धरत नाहीत आणि आरशासारख्या चमकतात. पण त्यांवर पाणी सांडले की त्याच आरशावरून पाय घसरतो.

मातीची जमीन सोडली, तर या साऱ्या जमिनींत एक साम्य आहे. त्या इमारतीला जखडलेल्या असतात. एकदा चुन्यात वा सिमेंटमध्ये बसल्या की त्या फोडल्यावाचून निघत नाहीत.

तरंगणे म्हणजे काय?

‘तरंगती फरशी’ हे नाव ऐकून पाण्यावरची होडी डोळ्यांसमोर येते. येथे पाणी नाही. जुन्या जमिनीला खिळा, डिंक किंवा सिमेंट यांपैकी कशानेही न जोडता जी फरशी स्वतःच्या वजनाने पडून राहते, तिला तरंगती म्हणतात. घरातली सतरंजीही याच अर्थाने तरंगती असते. फरक इतकाच, की सतरंजी एकसंध विणलेली असते आणि ही फरशी अनेक तुकडे जोडून एकसंध केलेली असते.

तुकडे जोडण्याची युक्ती सुतारांना जुनीच माहीत आहे. एका फळीच्या कडेला खाच आणि दुसरीच्या कडेला जीभ ठेवून त्या एकमेकींत बसवायच्या. पूर्वी तरंगत्या फरशीतही या सांध्यांत डिंक भरावा लागे. १९९०च्या दशकात स्वीडन आणि बेल्जियम या देशांतील उत्पादकांनी कडांना असा आकार दिला, की जीभ तिरपी करून खाचेत घातली आणि फळी खाली दाबली, की ‘कट्’ असा आवाज होऊन सांधा आपोआप अडकतो. डिंक उरला नाही. सांधा बसवता येतो तसा उलट क्रमाने सोडवताही येतो. या फरशीचे सारे वेगळेपण या एका गुणात आहे.

बाजारात तिचे मुख्यत्वे दोन प्रकार मिळतात. पहिला लॅमिनेट. त्यात लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पट्टीवर लाकडाचे चित्र असलेला कागद व कठीण पारदर्शक थर असतो. दुसरा एसपीसी. यात पीव्हीसी हे प्लॅस्टिक आणि चुनखडीची भुकटी यांचे मिश्रण असते व भुकटीचे प्रमाण निम्म्याहून अधिक असते. म्हणजे जी चुनखडी शहाबादी फरशीत लादीच्या रूपाने होती, तीच येथे पीठ होऊन प्लॅस्टिकबरोबर परतली आहे! हा दुसरा प्रकार पाण्याने फुगत नाही. आपल्यासारख्या, रोज ओल्या फडक्याने जमीन पुसणाऱ्या घरांना तोच अधिक मानवतो. यापुढील वर्णन त्यालाच धरून केले आहे.

भाड्याचे घर

समजा, सोलापूरचे एक कुटुंब बंगळुरूत पहिल्या मजल्यावरील दोन खोल्यांत भाड्याने राहते. सोबत सत्तरी ओलांडलेल्या आजी आहेत. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे जमीन चांगलीच गार पडते. आजींचे गुडघे आखडतात. त्यातच लादी गुळगुळीत. न्हाणीघरातून ओल्या पायांनी येताना त्या एकदा घसरल्या आणि थोडक्यात बचावल्या. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले तर अंथरूण धरण्याची वेळ येते, हे घरातील सर्वांना ठाऊक आहे. जमीन बदलायची तर घरमालक फोडू देणार नाही, आणि त्याने होकार दिला तरी दुसऱ्याच्या घरात एवढा खर्च कोण करील?

भाडेकरूची ही अडचण पैशाच्या हिशेबातही दिसते. बंगळुरूत दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत रक्कम घेण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली. केंद्र सरकारच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा सुचवली आहे. परंतु एखाद्या राज्याने तो कायदा स्वीकारला तरच तो तेथे लागू होतो. घर सोडताना भिंतीचा रंग, खिळ्यांची भोके, जमिनीवरचा चरा अशा कारणांनी या रकमेतून पैसे कापले जातात. म्हणून मूळ जमिनीला हात न लावता वर अंथरलेली आणि जाताना उचलून नेता येणारी फरशी हा अशा कुटुंबाला एक खुला मार्ग ठरतो. तरीही घरमालकाची परवानगी लेखी घ्यावी आणि काम सुरू करण्याआधी जुन्या जमिनीची छायाचित्रे काढून ठेवावीत. तोंडी होकाराची आठवण दोन्ही पक्षांना सारखीच राहते असे नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

नवशिक्याला वाटते, की फरशी अडकवणे हेच मुख्य काम आहे. प्रत्यक्षात अर्धे कौशल्य त्याआधीच खर्ची पडते. ही फरशी स्वतः फारतर पाच-सहा मिलिमीटर जाडीची असते. खालची जमीन जशी असेल तसे रूप ती घेते. खाली खळगा असेल तर पाऊल पडताच फळी दबते, वर येते, पुन्हा दबते आणि काही महिन्यांत सांध्याची जीभ तुटते. म्हणून दोन मीटर लांबीची सरळ पट्टी जमिनीवर सर्व दिशांना ठेवून पाहावे. तिच्याखाली तीन मिलिमीटरहून अधिक फट दिसली, तर तो खळगा भरून घ्यावा. जमीन पूर्ण आडवी नसून किंचित उताराची असली तरी बहुधा चालते. ती सपाट मात्र असलीच पाहिजे. उतार पाणसळीने कळतो, सपाटी पट्टीने. या दोन गोष्टींत गल्लत करू नये.

यानंतर जुन्या लाद्या नाण्याने ठोकून पाहाव्यात. आवाज पोकळ आला तर ती लादी खालून सुटलेली आहे. गवंडी ही परीक्षा सहज, चालता-चालता करतात. सुटलेली लादी आधी पक्की करावी. नव्या फरशीखाली दडवलेला दोष नाहीसा होत नाही.

ओलाव्याची परीक्षा त्याहून सोपी आहे. सुमारे दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक अहोरात्र तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आतील बाजूस दव साचलेले दिसले, तर जमिनीतून ओल वर येत आहे असे समजावे. बंगळुरूत नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि परतीचा पाऊस असा दोन्ही वेळा पाऊस पडतो. तळमजल्यावर ही परीक्षा पावसाळ्यातच करणे शहाणपणाचे. ओल असेल तर कामच थांबवावे. एसपीसी सडत नाही हे खरे, पण तिच्याखाली कोंडलेल्या ओलीत बुरशी धरते आणि कुबट वास घरभर पसरतो.

आता हिशेब. खोली ३.२० मीटर लांब व २.९५ मीटर रुंद आहे असे धरू. क्षेत्रफळ ९.४४ चौरस मीटर. कापताना जाणारा भाग म्हणून दहा टक्के मिळवले की सुमारे १०.३८ चौरस मीटर होतात. एका पेटीत २ चौरस मीटर फरशी असेल, तर पाच पेट्या पुरत नाहीत. सहा घ्याव्या लागतात. उरलेल्या दोन-चार फळ्या टाकून देऊ नयेत. पुढे एखादी फळी बिघडली तर त्याच रंगाची फळी बाजारात मिळेलच असे नाही.

खोलीचे कोन काटकोनात आहेत का, तेही पाहावे. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर आणि दुसरीवर चार फुटांवर खूण करावी. दोन खुणांमधील अंतर नेमके पाच फूट आले तर कोन बरोबर. गवंड्याचा गुण्या हेच काम करतो, आणि आयताच्या कर्णाविषयीचे हे ज्ञान बौधायनाच्या शुल्बसूत्रातही आहे. ज्यांना गणित हा विषय व्यवहारापासून दूर वाटतो, त्यांनी एकदा एखाद्या चांगल्या गवंड्यासोबत दिवस घालवावा.

फरशीच्या पेट्या आणल्याबरोबर उघडून कामाला लागू नये. ज्या खोलीत फरशी बसवायची तेथेच त्या दोन दिवस आडव्या ठेवाव्यात. मालवाहू गाडीत तापलेली फळी खोलीच्या तापमानाला आली, की मग तिचे खरे माप हाती येते.

पाठगत प्रश्न १

(अ) ‘जमीन आडवी असणे’ आणि ‘जमीन सपाट असणे’ यांतील फरक स्पष्ट करा.
(आ) प्लॅस्टिकच्या कागदाची परीक्षा पावसाळ्यात करावी असे लेखक का सांगतात?

फरशी मांडताना

फळीचे माप साधारण १२२० मिलिमीटर लांब आणि १८० मिलिमीटर रुंद असते. पहिली ओळ मांडण्याआधी शेवटच्या ओळीचा विचार करावा लागतो. आपल्या खोलीची रुंदी २९५० मिलिमीटर. दोन्ही भिंतींपाशी सहा-सहा मिलिमीटर फट सोडली की २९३८ उरतात. त्यात पूर्ण रुंदीच्या सोळा ओळी बसतात, म्हणजे २८८० मिलिमीटर, आणि शेवटी ५८ मिलिमीटरची चिंचोळी पट्टी राहते. इतकी अरुंद पट्टी दिसायला वाईट आणि सांध्याला कमकुवत. मग काय करावे? एक पूर्ण फळी आणि ही पट्टी यांची रुंदी एकत्र करून ती दोघींत सारखी वाटावी. १८० अधिक ५८ म्हणजे २३८. त्याचे निम्मे ११९. पहिली व शेवटची ओळ ११९ मिलिमीटरची, मध्ये पंधरा ओळी पूर्ण. खोली दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि हा सारा विचार कागदावर पाच मिनिटांत होतो. फळी कापल्यावर तो सुचला तर पाच मिनिटे पुरत नाहीत.

खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेला समांतर फळ्या मांडल्या तर सांधे कमी दिसतात. भिंतीला लागून सहा मिलिमीटर जाडीच्या पाचरी ठेवाव्यात आणि कापलेली कड भिंतीकडे करून पहिली ओळ मांडावी. ही ओळ दोरीसारखी सरळ आली पाहिजे, कारण पुढच्या सर्व ओळी तिचेच अनुकरण करतात. ३२०० मिलिमीटर लांबीत फटी वगळून ३१८८ उरतात. दोन पूर्ण फळ्या आणि ७४८ मिलिमीटरचा एक तुकडा लागतो. तिसऱ्या फळीचा उरलेला ४७२ मिलिमीटरचा तुकडा दुसऱ्या ओळीच्या आरंभी वापरावा. त्यामुळे शेजारच्या ओळींचे आडवे सांधे एका रेषेत येत नाहीत. हे सांधे किमान ३० सेंटिमीटर मागेपुढे असावेत. विटांची भिंत रचताना गवंडी सांध्यावर सांधा येऊ देत नाही, तोच हा नियम. भिंत उभी असते आणि ही आडवी, एवढेच.

एसपीसी कापायला करवत लागत नाही. वरच्या बाजूने पट्टी धरून धारदार सुरीने दोन-तीन वेळा रेघ ओढावी आणि फळी गुडघ्यावर मोडावी. बिस्किटासारखी ती रेघेवर तुटते. सुरी नेहमी शरीरापासून दूर चालवावी. सांधा बसवताना फळी तिरपी धरून जीभ खाचेत घालावी व अलगद खाली दाबावी. बसत नसेल तर हातोडीने थेट कडेवर मारू नये. मध्ये लाकडी ठोकळा धरून हलके ठोके द्यावेत. तरीही बसत नसेल तर खाचेत कचरा अडकला आहे असे समजून फळी काढून पाहावी. जोर लावण्याची ही जागा नव्हे.

दाराच्या चौकटीपाशी काम अवघड होते. चौकटीभोवती फळीला आकार देण्याऐवजी चौकटच तळाशी फळीच्या जाडीइतकी कापून फळी तिच्याखाली सरकवणे अधिक सुबक दिसते. परंतु भाड्याच्या घरात चौकटीला करवत लावता येत नाही. तेथे कागदाचा साचा कापून फळीला आकार द्यावा. नव्या जाडीमुळे दार घासणार नाही ना, हेही एक तुकडा दाराखालून सरकवून आरंभीच पाहिलेले बरे.

भिंतीपाशी सोडलेली फट

ही फरशी बिघडल्याच्या तक्रारींमागे अनेकदा एकच कारण आढळते. भिंतीलगतची फट कोणीतरी सोडलेली नसते, किंवा सोडून नंतर बुजवलेली असते.

बहुतेक पदार्थ उष्णतेने प्रसरण पावतात. दहा मीटर लांबीचे काँक्रीट वीस अंशांनी तापले तर सुमारे दोन मिलिमीटर वाढते. निव्वळ पीव्हीसी त्याच्या पाच पटींहून अधिक वाढते. चुनखडीच्या भुकटीमुळे एसपीसीची वाढ आटोक्यात राहते, पण थांबत नाही. दुपारी बाल्कनीच्या काचेतून येणारे ऊन फरशीवर पडले, की ती हळूच पसरते, रात्री आकसते. संपूर्ण फरशी एकसंध असल्याने ही हालचाल कडांपर्यंत पोहोचते. तेथे जागा असेल तर कोणाला काही कळतही नाही. जागा नसेल तर फरशी भिंतीला रेटते, भिंत हलत नाही, आणि मग खोलीच्या मधोमध फरशी उचलली जाते.

जखडलेल्या जमिनींनाही ही गरज होतीच. लाल कोबा घालताना मोठ्या खोलीत मध्ये रेघ सोडली नाही, तर तो स्वतःच वाकडीतिकडी भेग पाडून आपली रेघ काढून घेई. व्हिट्रिफाइड लाद्या एकमेकींना अगदी चिकटवून लावल्या, तर कधी कधी उन्हाळ्यात त्या मोठा आवाज करून उखडतात. तरंगत्या फरशीत ही हालचाल आधीच गृहीत धरलेली असते.

म्हणून कडेची पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, भिंतीला लावावी, फरशीला नव्हे. ती फट झाकते, बुजवत नाही. फटीत सिमेंट, लांबी किंवा कचरा भरू देऊ नये. फरशीवरून खाली खिळा मारू नये. स्वयंपाकाचा ओटा किंवा भिंतीतले कपाट या फरशीवर उभारू नये. ते आधी उभारून फरशी त्याच्या कडेपर्यंत आणावी. खोलीच्या समोरासमोरच्या टोकांना धान्याने भरलेली दोन जड लोखंडी कपाटे ठेवली, तर तीही खिळ्यांचेच काम करतात. एका टोकाला जड सामान असले तर दुसरे टोक मोकळे ठेवावे. दोन खोल्यांच्या मधल्या दारात फरशी सलग न नेता तेथे जोडपट्टी द्यावी.

पाठगत प्रश्न २

(अ) ‘जड कपाटे खिळ्यांचे काम करतात’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
(आ) लाल कोब्यात मध्ये रेघ सोडण्यामागील कारण कोणते?

आपल्या घरांची रीत

ही फरशी ज्या देशांत घडली, तेथील लोक खुर्चीवर बसून जेवतात आणि जमिनीवर बादलीने पाणी ओतत नाहीत. आपल्या घरांतील काही सवयी तिला जड जातात. बंगळुरूतील घरांत स्वयंपाकघराला लागून भांडी-धुण्यासाठी जी जागा असते, तेथे आणि न्हाणीघरात ती मुळीच लावू नये. फळ्यांना पाणी लागलेले चालते, पण फटीतून खाली उतरलेले पाणी वाळत नाही. गॅसचा भरलेला सिलिंडर फरफटत नेला तर चरा उमटतो. तो उचलून किंवा चाकांच्या बैठकीवरून न्यावा. देवघरातील समई आणि निरांजन थेट फरशीवर न ठेवता ताटलीत किंवा दगडी लादीच्या तुकड्यावर ठेवावे. रबरी पाठीची पायपुसणी काही महिन्यांत पिवळट डाग पाडतात, म्हणून सुती घ्यावीत. आजींच्या दृष्टीने मात्र ही फरशी लाभाची आहे. ती दगडाइतकी गार लागत नाही. निवड करताना चकाकणारा पृष्ठभाग टाळून खरबरीत पोताचा घेतला, तर ओल्या पायांनाही आधार मिळतो. वरच्या मजल्यावर असाल तर फळीच्या पाठीशी मऊ थर असलेला प्रकार घ्यावा. खालच्या शेजाऱ्यांच्या डोक्यावर वाजणारी पावले त्यामुळे कमी होतात.

सप्टेंबर २०२२च्या पहिल्या आठवड्यात बंगळुरूच्या पूर्व भागात, बेळ्ळंदूर आणि महादेवपुरा परिसरात, तलावांचे पाणी वस्त्यांत शिरले. अशा पुरात लॅमिनेटच्या फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि टाकूनच द्याव्या लागतात. एसपीसीची फरशी उचलून, धुऊन, खालची जमीन पूर्ण वाळवून पुन्हा मांडता येते. मात्र चिखल खाचांत शिरलेला असल्याने हे काम चिकाटीचे आहे. दगडी फरशीला नुसते खराट्याने धुतले की झाले. हा तिचा मोठेपणा मान्य केला पाहिजे.

तसेच, ज्यांच्या घरी जुना, न फुटलेला लाल कोबा किंवा नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या आहेत, त्यांनी केवळ नवेपणाच्या हौसेने त्या झाकू नयेत. त्या घडवणारे हात आता थोडे उरले आहेत. टाकाऊ झाल्यावरची गोष्टही विसरता येत नाही. शहाबादी लादी पन्नास वर्षांनी उखडली तरी अंगणात पुन्हा बसते. एसपीसी जाळली तर पीव्हीसीमुळे विषारी वायू निघतो, म्हणून तिचे तुकडे कचऱ्याबरोबर कधीही पेटवू नयेत.

काम कोणाचे?

बंगळुरूच्या बांधकामांवर कलबुर्गी, यादगीर, रायचूर या जिल्ह्यांतून आलेले कामगार मोठ्या संख्येने दिसतात. ज्या भागातून लादी आली, त्याच भागातून ती बसवणारी माणसेही आली. ग्रॅनाइट आणि लाद्या यंत्राने कोरड्या कापताना जी बारीक धूळ उडते, तिच्यात सिलिका असते. ती वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेली तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग जडतो आणि तो बरा होत नाही. पाणी सोडत कापणे आणि योग्य मुखपट्टी वापरणे हे त्यावरचे उपाय सर्वज्ञात आहेत. ते कितपत पाळले जातात, हे रस्त्याने जाताना कोणालाही दिसते. सुरीने कापल्या जाणाऱ्या फरशीत ही धूळ फार कमी उडते.

मग घरच्या माणसांनीच फरशी मांडली तर गवंड्याचे काय? एका खोलीचे काम दोन माणसे सुटीच्या दोन दिवसांत करू शकतात, हे खरे. परंतु जमीन सपाट करणे, सुटलेली लादी ओळखणे, उतार राखणे ही कामे जाणत्या हाताचीच आहेत. त्यांसाठी गवंड्याला बोलवावे, त्याची मजुरी आधी ठरवावी आणि त्याचे काम पाहत उभे राहावे. पाहूनही पुष्कळ शिकता येते. ज्याला हे नवे काम शिकून व्यवसाय करायचा आहे, त्याच्यापाशी पाणसळ, गुण्या, मोजपट्टी, सुरी आणि रबरी हातोडा एवढी साधने असली तरी आरंभ होतो. गवंड्यांना हे तंत्र आत्मसात करायला फार वेळ लागत नाही, कारण त्यांच्या नजरेला सपाटी आधीच कळते.

सोलापूरच्या त्या कुटुंबाने घर बदलले, तर फरशी शेवटच्या ओळीपासून उलट क्रमाने सोडवावी, फळ्यांच्या पाठीवर खडूने अनुक्रमांक घालावेत आणि त्या आडव्या रचून न्याव्यात. उभ्या ठेवल्या तर त्या वाकतात. नव्या खोलीचे माप वेगळे असेल, काही फळ्या नव्याने कापाव्या लागतील. म्हणून ती जादा पेटी.

भाषाभ्यास

‘शहाबादी’ हे विशेषण शहाबाद या स्थलनामाला ‘ई’ हा प्रत्यय लागून झाले आहे. ‘पैठणी’, ‘कोल्हापुरी’ हे शब्दही असेच बनले. पुढे त्यांचा वापर नामासारखा होऊ लागला. ओट्यासाठी वापरला जाणारा काळा दगड ‘कडप्पा’ मात्र प्रत्ययाशिवाय, थेट गावाच्याच नावाने ओळखला जातो. कृतिवर्णनात ‘पाहावे’, ‘ठेवावे’, ‘लावू नये’ अशी विध्यर्थी क्रियापदे येतात. त्यांमुळे सूचना आज्ञेसारखी कठोर वाटत नाही.

स्वाध्याय

(१) तुमच्या घरातील एका खोलीची लांबी व रुंदी मोजा. फळीची रुंदी १८० मिलिमीटर धरून पहिली व शेवटची ओळ किती रुंद ठेवावी लागेल, ते काढा.

(२) ‘जुनी जमीन झाकावी की राखावी?’ या विषयावर घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील संवाद दहा ते बारा वाक्यांत लिहा.

(३) पाठातील कोणतीही पाच विध्यर्थी वाक्ये शोधून ती आज्ञार्थी करा.

(४) तुमच्या परिसरातील एखाद्या गवंड्याला भेटा. त्याच्या हत्यारांची नावे, त्यांचा उपयोग आणि ते काम तो कोणाकडून शिकला, याची नोंद एका पानात करा.